पेटीतलं बाळ गावी आणताना

दवाखान्यातून सुट्टी झाली म्हणजे बाळाचे दिवस भरले असं नाही. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. असं बाळ बरेचदा दोन किलोच्याही आत असताना घरी येतं, आणि तोवर पेटीनं जे केलं ते आता घरानं करायचं असतं: ऊब देणं, दूध पोटात घालणं, जंतू लांब ठेवणं. याला यंत्र लागत नाही, माणसं लागतात. खेड्यातल्या घरात माणसांची कमी नाही. अडचण अशी की प्रत्येकाला काही ना काही ठाऊक असतं, आणि त्यातलं बरंचसं या बाळाला चालत नाही. म्हणून पुढे बाळाइतकंच आजीविषयी, बापाविषयी आणि पाहुण्यांविषयी लिहिलं आहे.

आधी एक समजूत घराबाहेर काढा. "सातव्यातलं जगते, आठव्यातलं जगत नाही" हे अजूनही ऐकू येतं. खरं याच्या उलट आहे. पोटात काढलेल्या एकेका आठवड्यानं बाळाची फुप्फुसं, अंगावरची चरबी, चोखायची ताकद वाढते; आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा भक्कमच असतं. आणि सुनेनं ग्रहण पाळलं नाही, पायरी ओलांडली, म्हणून बाळ लवकर आलं, हेही नाही. वाढलेलं बीपी, जुळं, जंतुसंसर्ग, अंगात रक्त कमी असणं ही नेहमीची कारणं. कधी कधी कारण सापडतच नाही. आपल्या विदर्भात सिकलसेल हा पिढीजात रक्ताचा आजार बराच आहे, आणि सिकलसेल असलेल्या बाईचं बाळंतपण लवकर होण्याचा धोका जास्त. आईची तपासणी झाली नसेल तर सुट्टीच्या आधी करून घ्या आणि बाळाची केव्हा करायची तेही विचारा.

सुट्टीच्या आधी: आजीला आत न्या

एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष कक्षात, बहुतेक ठिकाणी आईलाच सोडतात. पण शेवटच्या काही दिवसांत बाळ आईजवळ देतात, तेव्हा सिस्टरला विनंती करा की घरी जी बाई बाळाचं बघणार आहे तिलाही तासभर येऊ द्या. माझ्या मते सगळ्या तयारीत मोलाची गोष्ट हीच. सुनेनं सांगितलेलं सासूबाईंना पटत नाही. "आमच्या टायमाले असं काही नव्हतं" म्हणून विषय संपतो. तीच गोष्ट सिस्टरनं सांगितली आणि त्यांच्याच हातून करून घेतली, की घरी आल्यावर गल्लीतल्या बायकांना त्याच ठासून सांगतात.

नुसतं बघू नका, सिस्टरसमोर स्वतः करा. हातानं दूध काढणं, वाटी-चमच्यानं पाजणं, बाळ छातीशी बांधणं, पोट-तळवे चाचपून ऊब ओळखणं आणि एक मिनिट श्वास मोजणं, एवढं आईला आणि घरातल्या आणखी एका माणसाला यायला हवं.

सुट्टीच्या कार्डावर आजचं वजन, पुढच्या तपासणीची तारीख, डोळे आणि कान तपासायची तारीख लिहून घ्या. थेंबांचं नीट समजून घ्या. ड जीवनसत्त्व साधारण रोज ४०० युनिट देतात, पण बाजारात एक मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असलेलीही बाटली मिळते आणि ८०० असलेलीही. मेडिकलवाल्यानं दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर जुन्याच मापानं देऊ नका, आधी विचारा. लोहाचे थेंब कधी सुरू करायचे आणि कुठवर, हेही कार्डावर हवं. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथल्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होते, आपल्या गावात नाही. २१ दिवसांत करून टाका, नंतर हेलपाटे पडतात.

बाळाचं वजन रोज वाढतंय, ते तोंडानं दूध घेतंय, पेटीबाहेर अंग गरम राहतंय आणि श्वास मध्येच थांबत नाही, असं दिसलं की डॉक्टर सुट्टी देतात. त्याआधी सही करून नेऊ नका. पेरणी आहे, घरी मोठं लेकरू एकटं आहे, ही कारणं खरी असतात, पण तोडगा बाळाला हलवून काढू नये. खर्चाची चिंता असेल तर जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावर मोफत उपचार होतात, आणि घरी सोडायला गाडीही मिळते.

माहेर की सासर?

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण या बाळाच्या बाबतीत रीत बाजूला ठेवून अंतर मोजा. कोणत्या घरापासून ग्रामीण रुग्णालय जवळ आहे? रात्री कुणाची गाडी मिळते? फोनला रेंज असते का? पावसाळ्यात तर हाच मुद्दा सगळ्यात मोठा. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच तुटतो. लहानसहान नाल्यांमुळे अडकणारी गावं विदर्भात कितीतरी आहेत. जून ते सप्टेंबरात सुट्टी होत असेल आणि तालुक्याच्या गावी मावशी-काका कुणी राहत असतील, तर पहिले काही आठवडे त्यांच्याकडे काढा.

घर ठरलं की त्या गावच्या आशाताईला सुट्टीच्या आधीच फोन करा. माहेर आणि सासर यांच्या मध्ये बाळं हरवतात: माहेरच्या आशाताईला वाटतं नोंद सासरी आहे, सासरच्या आशाताईला वाटतं सून माहेरी आहे, आणि घरभेट कुणाचीच होत नाही.

खोली

टिनाच्या छपराखालची खोली नको. ती मे महिन्यात तापते आणि जानेवारीत गारठते. मातीच्या भिंतीची, कौलाची किंवा स्लॅबची खोली बघा. चूल तिथे नको आणि चुलीचा धूरही तिकडे जायला नको. कापूस वेचून घरात भरलेला असेल तर बाळंतीण त्या खोलीत ठेवू नका. कापसाच्या ढिगाशेजारी झोपून अंगाला कशी खाज सुटते हे मोठ्यांना माहीत आहेच, आणि उडणारी बारीक तूस या बाळाच्या फुप्फुसाला सोसत नाही. फवारणीचे डबे आणि पंप घराबाहेर. बाप फवारून आला तर आधी साबणानं आंघोळ, कपडे वेगळे धुवायला, मग बाळ हातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं धडधाकट माणसं दगावली होती. दोन किलोच्या जिवाचं काय सांगावं.

बाळाला झोपवायचं ते पाठीवर, सपाट आणि जरा कडक अंथरुणावर. डोक्याला आकार यावा म्हणून देतात ती मोहरीची उशी नको. लुगड्याची झोळीही सध्या नको: झोळीत मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकते आणि एवढ्याशा बाळाचा श्वास त्यातच कोंडतो.

रस्त्यात

दवाखान्यातून १०२ ची गाडी मागा. मोटारसायकलवर आणू नका. उन्हाळ्यात पहाटे निघा, थंडीत ऊन वर आल्यावर. बाळ आईच्या छातीशी बांधलेलं, वरून पदर किंवा शाल, चेहरा उघडा. निघताना दूध पाजा. वाटेत देवदर्शनाला गाडी थांबवायची नाही. देव महिनाभर थांबेल.

ऊब, आणि विदर्भाचा उन्हाळा

छातीशी बाळ बांधण्याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडायच्या, त्यातून ती निघाली. गरिबाघरचा जुगाड म्हणून तिच्याकडे बघू नका: आज जागतिक आरोग्य संघटना सगळ्या अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी ती सांगते, दिवसाचे ८ तास ते शक्य असेल तर पूर्ण २४ तास.

बाळाच्या अंगात फक्त टोपडं, लंगोट आणि पायमोजे. आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला आणि किंचित वर, नाक-तोंड मोकळं. वरून मऊ सुती लुगड्याच्या पट्ट्यानं बांधायचं, मग ब्लाउज किंवा शर्ट. एकदा घेतलं की किमान तासभर तरी काढायचं नाही. आई जेवतेय, आंघोळीला गेलीय, तेव्हा बापानं घ्यावं, आजीनं घ्यावं. बापाच्या छातीची ऊबही तीच. बाळ अडीच किलोच्या आसपास आलं की स्वतःच चुळबुळ करून, हातपाय काढून सांगतं की आता पुरे.

ऊब बघायची ती हाताच्या मागच्या बाजूनं. पोट आणि तळवे दोन्ही कोमट, तर ठीक. पोट गरम पण तळवे गार, तर बाळाला थंडी वाजतेय: लगेच छातीशी घ्या. पोटही गार, तर छातीशी घेऊनच दवाखाना गाठा. काखेत धरलेल्या डिजिटल थर्मामीटरवर ९७.७ ते ९९.५ फॅरेनहाइट हवं.

थंडीची काळजी सगळे घेतात. आपल्याकडे चुकतं ते मे महिन्यात. अकोला, चंद्रपूर, नागपूरचा पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो आणि बाळंतिणीची खोली बंद, बाळ दोन दुपट्यांत. अशा बाळाला ताप येतो तो नुसत्या उष्णतेनं. उन्हाळ्यात एक पातळ सुती झबलं पुरतं. कूलर लावा, पण हवेचा झोत बाळावर नको. कूलर दारात ठेवून तोंड भिंतीकडे करा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते. टाकीचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाका, डास तिथेच होतात. कांगारूही चालू राहू द्या, पण पहाटे, संध्याकाळनंतर आणि रात्री जास्त. दुपारी पंख्याखाली आणि वरचं पांघरूण न घेता. ऊन कितीही असो, बाळाला वरचं पाणी एक चमचाही द्यायचं नाही. दूध लवकर लवकर पाजा. पाणी भरपूर प्यायचं ते आईनं. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत विदर्भाच्या उन्हात कुणी काढली कोण जाणे.

शेगडीबद्दल स्पष्ट लिहितो. बंद खोलीत पेटते निखारे ठेवले की त्यातून निघणारा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो जीव घेतो. आईला शेक हवा असेल तर दुसऱ्या, उघड्या खोलीत घ्यावा, बाळ तेवढा वेळ आजीच्या छातीशी. ओवा-बाळंतशेपेची धुरी बाळाला बिलकुल नाही. गरम पाण्याच्या बाटल्या अंथरुणात ठेवू नका, कातडी भाजते.

दूध

हे बाळ रडून मागत नाही, झोपूनच राहतं. भूक लागेल तेव्हा पिईल म्हणून थांबलात तर ते अशक्त होऊन आणखी झोपतं. म्हणून दर दोन तासांनी, रात्रीही, उठवून पाजायचं. तळव्यांना हलकं चोळा, दुपटं सैल करा, जागं होतं.

अंगावर ओढून दमत असेल तर थोडं अंगावर आणि उरलेलं वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं. हात साबणानं धुऊन दूध उकळलेल्या वाटीत काढा: अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या थोडी मागे ठेवून आत दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं, बोंड ओढायचं नाही. झाकून ठेवलेलं दूध चार तासांत वापरा, उन्हाळ्यात त्याहून लवकर. पाजताना बाळ अर्धं बसतं धरा, चमचा खालच्या ओठाला टेकवा आणि त्यानं जिभेनं ओढून घ्यायची वाट पाहा. घशात ओतू नका. ठसकलं, ओठ निळसर दिसले तर थांबा. अर्धा अर्धा तास पाजूनही नेहमीपेक्षा निम्मंच जातंय असं दिवसभर झालं, तर दवाखान्यात दाखवा.

बाटली नको. शेळीचं दूध हलकं म्हणून देतात, तेही नको. गुटी, मध, साखरपाणी, जायफळ उगाळून, काहीच नको. मधानं तर वर्षाच्या आतल्या बाळाला जिवावरची विषबाधा होऊ शकते. पावडरचं दूध डॉक्टरांनी लिहून दिलं तरच.

पोटात पुरेसं जातंय का, हे कसं ओळखायचं? २४ तासांत सहा-सात वेळा तरी लंगोट ओला व्हावा आणि दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वजन वाढावं. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, कपडे काढून. रोज काट्यावर घालून जीव टांगणीला लावू नका.

आईच्या ताटात भाकरी, तुरीचं घट्ट वरण, पालेभाजी, चालत असेल तर अंडी हवीत. नुसता भात आणि तूप पुरत नाही. आदिवासी भागात अंगणवाडीतून स्तनदा मातेला अमृत आहार योजनेचं गरम जेवण मिळतं, तिथे नाव घातलंय का बघा.

आंघोळ, मालिश आणि दायी

बाळ अडीच किलोचं होईपर्यंत पाटावरची आंघोळ नाही. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या मऊ फडक्यानं एकेक भाग पुसायचा आणि लगेच कोरडा करायचा. डॉक्टर हो म्हणाले तर खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा. नाक ओढणं, डोकं दाबणं, छाती पिळणं, उलटं धरून झटकणं हे दायीला अंगणातच सांगून टाका, खोलीत आल्यावर सांगायला जड जातं. कानात-नाकात तेल नाही, डोळ्यात काजळ नाही. दृष्ट लागेल असं वाटत असेल तर टीट तळव्याला लावा, वाद मिटतो. बिब्बा लावायचा नाही, त्यानं कातडी जळते. मेळघाटात पोट फुगलं म्हणून तापल्या विळ्याचे चटके देतात. पोट फुगणं हे या बाळात आतड्याच्या गंभीर आजाराचं लक्षण असू शकतं. चटक्यानं ते बरं होत नाही, उलट वेळ हातचा जातो.

दारावर कोण?

सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत कुणी जायचं नाही, ही जुनी रीत मात्र आपल्या फार कामाची आहे. ती कडक पाळा, आणि दारावर आजीला बसवा. "डॉक्टरनं नाही म्हटलं" यापेक्षा "आमच्यात चालत नाही" हे पाहुण्यांना लवकर समजतं. सर्दी-खोकला असलेला माणूस, मग तो सख्खा काका का असेना, आत नाही. आत जाणाऱ्यानं कोपरापर्यंत साबणानं हात धुवावेत; बादली, तांब्या आणि साबण दारातच ठेवा. पापे नाहीत. तंबाखू-बिडी खोलीबाहेर. बारसं घरातल्या पाच जणांत करा, गावजेवण पुढे केव्हाही घालता येईल.

आशाताईच्या भेटी

नवजात बाळाच्या घरी जाऊन तपासायची पद्धत जगाला दाखवली ती विदर्भानंच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं, आणि त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते ती त्याच वाटेनं. एसएनसीयूतून आलेल्या बाळाकडे तिची भेट घरी पोचताच सुरू व्हायला हवी. ती आली की चहापुरतं बसवू नका. वजन करून घ्या, श्वास मोजून घ्या, कार्ड दाखवा.

तेव्हा लगेच निघायचं

- दूध ओढणं बंद किंवा एकदम कमी, अंग लुळं
- शांत असताना मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, कण्हणं
- श्वास २० सेकंदांहून जास्त थांबणं, किंवा ओठ-चेहरा निळा-करडा पडणं
- पोट गार, किंवा ताप ९९.५ च्या वर, अंगावरचं कमी करूनही न उतरणारा
- झटके
- तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा (कोवळं ऊन हा यावरचा उपाय नाही)
- फुगलेलं पोट, हिरवी उलटी, शीमधून रक्त

अपुऱ्या दिवसांचं बाळ भरभर चार श्वास घेऊन पाच-दहा सेकंद थांबतं आणि पुन्हा सुरू करतं. रंग ठीक असेल तर घाबरू नका. जास्त थांबलं तर तळवा किंवा पाठ चोळा, आणि श्वास सुरू झाला तरी दवाखान्यात जाच. १०८ ला फोन करा, येईपर्यंत बाळ छातीशी. गावातल्या एका गाडीवाल्याचा नंबरही भिंतीवर लिहून ठेवा, कारण १०८ तालुक्याहून यायला वेळ लागतो. भगताकडे आधी आणि दवाखान्यात मग, असं करू नका. अंगारा लावायचाच असेल तर गाडीत लावा.

डोळे, कान, वय आणि लस

३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंहून कमी वजनाचं जन्मलेलं असेल, तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी. फार लवकर आलेल्या बाळाची त्याही आधी. या बाळांच्या पडद्याला होणारा आजार (आरओपी) बाहेरून दिसत नाही. बाळ बघतंय, हसतंय, म्हणून तारीख टाळली आणि नजर गेली, तर ती परत येत नाही. एकदा तपासून भागत नाही, डॉक्टर बोलावतील तितक्यांदा जा. कानांची तपासणी पहिल्या महिन्यात करून घ्या. पुढे मान धरणं, पालथं पडणं याला उशीर वाटला तर जिल्हा रुग्णालयात लवकर उपचाराचं केंद्र असतं, आशाताईकडून तिथली चिठ्ठी घ्या.

उशीर मोजताना शेजारच्या लेकराशी तुलना करू नका. ३२ व्या आठवड्यात आलेलं बाळ आठ आठवडे आधी आलं. चार महिन्यांचं झालं की त्याला दोन महिन्यांच्या बाळासारखं धरायचं. अशी वजाबाकी दोन वर्षांपर्यंत करा.

लसीला मात्र ही वजाबाकी नाही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी खऱ्या जन्मतारखेनंच द्यायच्या, वजन कमी असलं तरी. गावातलं लसीकरणाचं सत्र चुकलं तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणत्या वारी लस देतात ते सिस्टरला विचारून तिथे जा, आणि सोबत सुट्टीचं कार्ड न्या.